तेंडुलकरांच्या 'कमला'चं ग्वाल्हेरशी नातं

ग्वाल्हेरकर नाट्यप्रेमींनो, विजय तेंडुलकरांच्या 'कमला'ची मूळ घटना आपल्या शेजारची आहे! 1981 साली इंडियन एक्स्प्रेसचे पत्रकार अश्विनी सरीन यांनी शिवपुरीजवळच्या गावातली एक बाई 2,300 रुपयांना विकत घेऊन स्त्रियांचा बाजार उघडकीला आणला. नाटकातला पत्रकार जयसिंग तेच करतो. पण तेंडुलकरांची नजर त्याच्या घरावर आहे. तुला कितीला घेतलं, असं विकत आणलेली कमला त्याच्या बायकोलाच, सरिताला, विचारते आणि सरिताला स्वतःची जागा कळते. घरातल्या पुरुषी सत्तेवरून दुसरं एक नाटक आठवतं: टेनेसी विल्यम्सचं 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर'. ते तेंडुलकरांनीच 'वासनाचक्र' म्हणून मराठीत आणलं होतं. त्यातला नवरा स्टॅन्ली उघड हिंसक; सुशिक्षित जयसिंग मला त्याहून भयंकर वाटतो. दोन्ही नाटकं जरूर वाचा.