चाळीस वॅट आणि काळी माती

हिंगोली-परभणीकडच्या जुन्या रेडिओश्रोत्यांना काट्यावरचा एक आकडा अजून पाठ असतो : १३०५ किलोहर्ट्झ, परभणी आकाशवाणी. मीडियम वेव्हवरचं हे केंद्र सरकारी. पण हिंगोली ज्या हैदराबाद संस्थानात होतं, तिथे रेडिओ आधी आला तो एका माणसाच्या हौसेतून.

टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या महबूब अली यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी हैदराबादेतल्या चिराग अली गल्लीत अवघ्या २०० वॅटचं केंद्र सुरू केलं. ३ फेब्रुवारी १९३५ रोजी ते निजाम सरकारचं झालं; तोच पुढचा डेक्कन रेडिओ. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची शरणागती प्रजेला कळली, तीही रेडिओवरूनच. मराठवाडा आज तो दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो.

देशभर सुरुवात अशीच झाली होती. मुंबईत १९२३मध्ये रेडिओ क्लबने प्रसारण केलं. मद्रासला कृष्णस्वामी चेट्टी आणि त्यांच्या सोबत्यांनी क्लब काढला आणि ३१ जुलै १९२४ला त्यांचा ट्रान्समीटर बोलू लागला. त्याची ताकद होती ४० वॅट. जुन्या पिवळ्या बल्बएवढी! पैसे संपल्यामुळे १९२७मध्ये तो बंद पडला, पण त्या तीन वर्षांत शहराला घरबसल्या गाणं ऐकायची सवय लागली होती.

एवढ्याशा विजेत आवाज दूर जातो कसा? एएम रेडिओत एक लहर अखंड चालू असते आणि बोलणाऱ्याच्या आवाजाप्रमाणे तिची उंची कमीजास्त होते. यंत्र सोपं. अवघड असते ती लहर आकाशात सोडणारी तार. १३०५ किलोहर्ट्झची एक लहर सुमारे २३० मीटर लांब. तिच्या पाव भागाइतका, म्हणजे ५७ मीटरचा उभा मनोरा असला तर काम चोख होतं. अमेरिकेत १०० मिलिवॅट आणि तीन मीटरची तार एवढ्या मर्यादेत कुणालाही विनापरवाना एएम केंद्र चालवता येतं. पण इतक्या आखूड तारेतून शंभरातला एक हिस्साही आकाशात जात नाही, उरलेली ताकद जमिनीत आणि कॉइलमध्ये उष्णता होऊन विरते. तीच तार पंधरा मीटर केली, की तिची लहर बाहेर टाकण्याची क्षमता पंचवीस पट होते. वॅट वाढवण्यापेक्षा तार वाढवणं कधीही शहाणपणाचं.

आणि मग येते जमीन. मीडियम वेव्हची लहर दिवसा भुईला धरून चालते, म्हणून अनुभवी माणूस आधी मनोऱ्याखालचं अर्थिंग बघतो. मोठ्या केंद्रांत तर मनोऱ्याभोवती तांब्याच्या शंभराहून अधिक तारा चाकाच्या आऱ्यांसारख्या पुरलेल्या असतात. औंढा नागनाथ तालुक्यात, पूर्णेवरच्या सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याखालची ओली काळी माती अशा लहरीला मानवते. मुरमाड, खडकाळ माळावर तीच लहर लवकर दमते.

असं केंद्र स्वतः उभारायचं म्हटलं तर कायदा मात्र आडवा येतो आणि तो आधी समजून घेतला पाहिजे. भारतात परवान्याशिवाय प्रसारण हा गुन्हा आहे. १९३३च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून हेच चालत आलं. सामुदायिक रेडिओला परवाना मिळतो, पण तो संस्थांना आणि एफएमवर. म्हसवडचं माणदेशी तरंग २००८पासून तसंच चालतं. एकट्यादुकट्या हौशी माणसाला एएमवर गाणी लावायची सोय अजून नाही. ती असायला हवी. एका गावापुरता, दोन-चार वॅटचा आवाज कुणाच्या आड येणार नाही.

तोवर दार उघडं आहे ते हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारी संवादाचं. परीक्षा द्यायची, दूरसंचार विभागाचा परवाना घ्यायचा; खालच्या श्रेणीलाही ५० वॅटपर्यंत मुभा आहे, मद्रासच्या क्लबपेक्षा जास्तच. या परवान्यावर संगीत किंवा प्रसारण चालत नाही, फक्त हॅम मंडळींशी संवाद. चाळीस मीटर लांब लहरींच्या हॅम पट्ट्यासाठी दोन लिंबांच्या झाडांमध्ये वीसेक मीटर तार ताणली की भागतं. यंत्रासाठीही परदेशाकडे बघायला नको. हैदराबादच्याच अशर फरहान यांनी २००३च्या सुमारास बिटएक्स नावाचा स्वस्त सेट आखला. त्यातली कॉइल गुंडाळायला नळाचे वॉशर चालतात. जगभर लोकांनी तो घरी बनवला.

शाळकरी पोरांनी सुरुवात ऐकण्यापासून करावी. लांब तार, कॉइल, एक जर्मेनियम डायोड आणि इअरफोन. या सेटला ना सेल लागतो ना वीज. तो चालतो केंद्राकडून आलेल्या लहरीवरच. साधा ट्रान्झिस्टर असेल तर अंधार पडल्यावर काटा सावकाश फिरवावा. सूर्य मावळला की वातावरणातला मीडियम वेव्ह शोषून घेणारा थर विरतो, लहरी वरून परावर्तित होतात आणि दिवसा गप्प असलेल्या पट्टीवर शेकडो किलोमीटरवरची केंद्रं एकात एक मिसळून येऊ लागतात. मृगाच्या तोंडावर याच पट्टीवर मोठी खरखर सुरू होते. ती असते लांबच्या विजांची. ढग अजून दिसायचे असतात.