हात लावला की स्टेशन पळतं

एका ट्रान्झिस्टरचा एफएम ट्रान्समीटर हॉस्टेलवर कुणी ना कुणी करतंच. मीही केला: कंडेन्सर माइक, बीसी ५४७, तांब्याच्या तारेचे पाच वेढे, ट्रिमर, ९ व्होल्टची बॅटरी.

कॉइल ०.१ मायक्रोहेन्री धरली तर १०० मेगाहर्ट्झसाठी सुमारे २५ पिकोफॅरड लागतात. आपण बोललो की बेसवरचं व्होल्टेज हलतं, त्यासोबत ट्रान्झिस्टरच्या आतली कपॅसिटन्स बदलते आणि फ्रिक्वेन्सी मागेपुढे सरकते. हेच मॉड्युलेशन, त्याला वेगळं सर्किट नाही! एफएम प्रसारणात हे सरकणं ७५ किलोहर्ट्झपर्यंत असतं; त्याला जेमतेम ०.०४ पिकोफॅरडचा फरक पुरतो.

आता गंमत बघा. नुसता हात जवळ नेला आणि १ पिकोफॅरड वाढला, तरी फ्रिक्वेन्सी २ मेगाहर्ट्झ खाली येते. मी १०३ वर लावलेला आवाज असाच १०१.१ च्या आसपास, चक्क आकाशवाणी नांदेडच्या अंगावर गेला. शेजारच्या खोलीत बातम्या लागल्या होत्या. शिव्या खाल्ल्या, आणि त्या रास्तच होत्या. विनापरवाना प्रसारण हा गुन्हा आहे. बिहारमधल्या मन्सूरपूरचं लोकप्रिय राघव एफएमसुद्धा २००६ साली बंद करण्यात आलं.

मग मी एरियल काढून टाकली, सर्किट पत्र्याच्या डबीत घालून डबी ग्राउंडला जोडली. ट्रिमर आता प्लास्टिकच्या काडीनेच फिरवते.