वाईनचें बूच व आटेदार झाकण

महाराष्ट्र सरकारनें इ. स. २००१ सालीं द्राक्षप्रक्रियेस उत्तेजन देण्याचें धोरण ठरविलें, तेव्हांपासून नाशिक जिल्ह्यांत वाईन करण्याचा धंदा बराच वाढला आहे. तेथील पुष्कळ बाटल्यांस बुचाऐवजीं आटेदार झाकण असतें. तें पाहून माल हलका असावा असें कित्येक समजतात. हा समज बरोबर नाहीं.

वाईन बाटलींत भरल्यावरही पालटत असते. प्राणवायु अगदीं थोडा व सावकाश मिळाल्यास तांबड्या वाईनचा तुरटपणा निवतो. अधिक मिळाल्यास रंग तपकिरी होऊन स्वाद जातो. बूच म्हणजे पोर्तुगाल आदि देशांतील एका ओक वृक्षाची साल. ती दर नऊ वर्षांनीं काढतात. सर्व बुचें सारखीं नसल्यामुळें एकाच हंगामाच्या दोन बाटल्या निरनिराळ्या निघतात, व एखादींत बुचामुळें कुबट वासही येतो. अॅल्युमिनियमच्या आटेदार झाकणांत आंतील पातळ चकती वायु अडविते. त्यामुळें ताजेपणा अधिक टिकतो. मात्र भरतांना काळजी न घेतल्यास गंधकासारखा वास आंत कोंडून राहतो.

सारांश, दोन-तीन वर्षांत खपावयाच्या मालास आटेदार झाकण सोयीचें. दीर्घकाळ मुरविण्याच्या मालास निवडक बूच चालतें, पण ती बाटली आडवी ठेवावी, म्हणजे बूच सुकत नाहीं. आपल्या परभणीकडे उन्हाळ्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो. अशा उष्णतेंत कोणतेंही झाकण माल राखूं शकत नाहीं. बागाईतदाराचे वर्षभराचे श्रम वायां जाऊं नयेत, म्हणून झाकणाआधीं थंड व अंधाऱ्या कोठाराची तजवीज करावी.