टेकडीवर झाडं लावण्याआधी

पुण्यात पाऊस धरला की कुदळ-फावडी आणि रोपांच्या पिशव्या घेऊन माणसं टेकड्या चढू लागतात. वेताळ टेकडी असो, तळजाई असो, रविवारची सकाळ श्रमदानाला देणारी ही माणसं शहराची खरी श्रीमंती आहेत. त्यांचा घाम वाया जाऊ नये, म्हणून काही समज तपासून पाहायला हवेत.

गैरसमज: झाडं नाहीत म्हणजे टेकडी उजाड आहे.

वस्तुस्थिती: सगळ्यात जास्त नुकसान याच समजाने केलं आहे. पुण्याच्या टेकड्यांवर खडकावर मातीचा पातळ थर असतो आणि पाऊस मुख्यतः चारच महिने पडतो. अशा जागी गवताळ माळ आणि अधूनमधून सालई, मोई, गणेर, मेडशिंग अशी झाडं, हेच निसर्गाचं रूप. ज्या कुसळीची कुसळं मोज्यांत अडकतात म्हणून आपण वैतागतो, तिचं बी एकदा निरखून बघा. टोक अणकुचीदार आणि मागे पीळ पडलेली लांब शेपटी. दमट हवेत पीळ सुटतो, कोरड्या हवेत पुन्हा बसतो आणि त्या फिरण्याने बी मातीत रुतत जातं. याच गवतात चंडोल जमिनीवर घरटं करतो. तिथे खड्डे खणून रोपं लावली, तर आपण वसलेलं घर मोडून नवं बांधायला घेतो.

गैरसमज: कुठलंही झाड चालेल, हिरवं झालं म्हणजे झालं.

वस्तुस्थिती: टेकड्या झटपट हिरव्या दिसाव्यात म्हणून पूर्वी गिरिपुष्प मोठ्या प्रमाणावर लावलं गेलं. ते मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. भराभर वाढतं, तोडलं तर बुंध्याला पुन्हा फुटवे येतात आणि दाट सावलीत इथलं गवत मागे पडतं. फुलं देखणी असतात, हे मान्य. पण त्याची आणखी रोपं लावू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

गैरसमज: रोप लावलं, काम संपलं.

वस्तुस्थिती: खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत. किमान दोन-तीन उन्हाळे पाणी, आळं आणि गुरांपासून राखण लागते. फिरायला येताना पाण्याचे कॅन उचलून टेकडी चढणारे लोक फोटोत क्वचितच दिसतात, पण झाडं जगतात ती त्यांच्यामुळे. शंभर लावून विसरण्यापेक्षा पाच जगवा.

गैरसमज: वाळलेलं गवत जाळलं की नवं जोमाने येतं.

वस्तुस्थिती: यात अर्धं सत्य आहे आणि म्हणूनच ते धोक्याचं. बहुवर्षायू गवत मुळातून पुन्हा फुटतं खरं. पण वणव्यात कोवळी रोपं, सरडे, किडे, अंडी सगळं जळतं आणि उघडी पडलेली माती पहिल्या वळवात वाहून जाते. उन्हाळ्याआधी वन विभागासोबत वणवा अडवणारी जाळरेषा काढायला हात लावणं, हे वृक्षारोपणाइतकंच मोलाचं काम आहे.

गैरसमज: झाडं लावायची नसतील, तर स्वयंसेवकाला कामच काय?

वस्तुस्थिती: भरपूर आहे. पावसाळ्याच्या शेवटी नारिंगी कॉसमॉसने उतार भरतात. लोक हौसेने फोटो काढतात, पण हेही मेक्सिकोकडचंच तण. बी धरण्याआधी, माती ओली असताना ते मुळासकट सहज उपटता येतं. घाणेरी काढायला जास्त कष्ट पडतात, हातमोजे हवेतच. शिवाय प्लॅस्टिक आणि बाटल्यांच्या काचा वेचणं आहेच.

गैरसमज: टेकडी आपली, परवानगी कशाला?

वस्तुस्थिती: काही जमीन वन विभागाची, काही महापालिकेची, काही खासगी. खणणं, लावणं, काढणं, सगळ्यालाच मालकाची परवानगी लागते. शहरात झाड तोडायचं तर 1975 चा राज्याचा वृक्ष कायदा लागू होतो, झाड परदेशी असलं तरीही. म्हणून आधी वनरक्षकाला किंवा उद्यान विभागाला भेटा. कुठला उतार तसाच ठेवायचा आणि कुठलं तण आधी काढायचं, हे त्यांच्याशी आणि एखाद्या वनस्पती-अभ्यासकाशी बोलून ठरवा आणि मगच कुदळ उचला.