पन्नास पावलांच्या आत

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात नाताळच्या दुसऱ्या दिवशी हरणांच्या शिकारीचा एक हंगाम सुरू होतो आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत चालतो. या हंगामात ठासणीची, तीही चकमकीचीच बंदूक चालते. ती १८०० सालापूर्वीची हवी, नाहीतर तसल्या बंदुकीच्या धर्तीवरची प्रतिकृती. नळी एकच, दुर्बीण लावायची नाही. गार पोलादावर घासून ठिणगी पडली, तर बार होणार. १९७४ पासून हे चालू आहे. जिथं सर्वात आधुनिक रायफल दुकानात जाऊन विकत घेता येते, तिथं कायद्यानंच माणसाच्या हातात सव्वादोनशे वर्षांपूर्वीची बंदूक द्यावी, हे कळल्यापासून मला ते बघायचं होतं.

आणखी एक कारण होतं. माझ्या कोकणातल्या आजोळी शेतराखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. रानडुकरं भातात शिरली की तिचा बार काढायचे. लहानपणी मला तिचा फक्त आवाज ठाऊक होता. ती भरताना मी कधी पाहिली नव्हती.

फिलाडेल्फियाच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी मंडळींना हरणांचं कौतुक फार दिवस टिकत नाही. ट्यूलिपचे कोंब, भाजीचे वाफे, सगळं रातोरात फस्त होतं आणि अंधारात गाडीसमोर हरीण आलं तर जिवावर बेततं. गंमत अशी की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या राज्यातलं हरीण जवळजवळ संपलं होतं. बेसुमार शिकार आणि जंगलतोड. १८९५ मध्ये शिकारीवर नियंत्रण ठेवणारं मंडळ स्थापन झालं, १९०६ पासून बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडली गेली. लांडगा आणि प्यूमा तोवर नाहीसे झालेले. हरणं इतकी वाढली की जंगलात ओकची रोपं उगवायची आणि गुडघ्याएवढी होण्याआधीच खुडली जायची. आता सगळ्या हंगामांत मिळून वर्षाला चार लाखांहून जास्त हरणं मारली जातात. शिकार असावी की नसावी हा तिथं वाद उरलेला नाही. ती कशी करावी, याबद्दल मात्र माणसं तावातावानं बोलतात.

मी ज्यांच्याबरोबर गेले ते बर्क्स काउंटीतले निवृत्त सुतार. पूर्वज जर्मन बोलणारे. अठराव्या शतकात अशाच जर्मन कारागिरांनी लँकेस्टरच्या परिसरात मायदेशातली आखूड, जाड नळीची रायफल लांब आणि सडपातळ केली. जेकब डिकर्ट हा त्यांतला नावाजलेला. सुतारकाकांची बंदूक त्याच घडणीची, दस्ता मेपलचा, त्यांनी स्वतः तासलेला. ब्लू माउंटनच्या उतारावर पोचेपर्यंत ते फारसं बोलले नाहीत. एका चेस्टनट ओकला पाठ टेकून बसल्यावर म्हणाले, “पन्नास. पन्नास पावलांच्या पलीकडे मी चाप ओढत नाही.”

भरणं पाहायला मिळालं ते तिथंच. मापट्यानं दारू मोजून नळीत ओतली, चिंधीवर गोळी ठेवून हिकरीच्या गजानं तळापर्यंत ठासली, नळीच्या कानाशेजारच्या खळगीत चिमूटभर बारीक रंजक घातली. खरी करामत त्या चिंधीची. नळीचं भोक अर्धा इंच आणि शिशाची गोळी ०.४९ इंच, म्हणजे गोळी नळीत सैलच. गादीच्या खोळीचं जाड सुती कापड मेण-चरबीत भिजवून गोळीभोवती घेतलं की ती फट भरते. नळीतल्या आट्यांना कापड धरतं आणि कापड गोळीला फिरवतं. शिसं लोखंडाला लागतही नाही. बाहेर पडल्यावर चिंधी सुटून थोड्या अंतरावर जमिनीवर पडते. सरावाच्या वेळी काका प्रत्येक चिंधी शोधून उचलतात आणि उजेडात धरून पाहतात. कडा जळल्या असतील किंवा मधे भोक पडलं असेल, तर कापड बदलायचं, नाहीतर दारू कमी करायची. चाळीस वर्षं जपलेल्या चिंध्यांचा एक डबा त्यांच्या कार्यशाळेत आहे. मी तो बराच वेळ चाळत बसले.

पन्नास पावलांचा हिशेब त्या गोळीतच आहे. वजन साडेअकरा ग्रॅमच्या आसपास, आकार गोल. नळीतून ती सेकंदाला साडेपाचशे मीटरच्या वेगानं निघते. पण गोल वस्तूला हवा फार अडवते. शंभर यार्डांवर पोचेपर्यंत दोनपंचमांश वेग गेलेला असतो. शिवाय बंदुकीला दुर्बीण नाही, चाप ओढल्यापासून बार होईपर्यंत मधे एक जाणवणारा क्षण जातो, आणि तेवढ्यात हात हलला तर गोळी फुफ्फुसाऐवजी पोटात. पुन्हा भरायला निदान अर्धा मिनिट. हरीण तेवढ्यात डोंगर ओलांडून जाईल. बंदुकीनं एवढं सगळं काढून घेतल्यावर शिकाऱ्याकडे जवळ जाणं तेवढं उरतं.

नोव्हेंबर-डिसेंबरच्या रायफलींनी हरणांना शहाणं केलेलं असतं. दिवसा ती माउंटन लॉरेलच्या दाट झुडपांत दडतात. कितीतरी टोळ्या हाका घालतात: निम्मी माणसं आरडत झाडी तुडवतात, उरलेली पलीकडे बंदुका रोखून उभी. काकांना हाका आवडत नाही. धावत्या हरणावर चकमकीची बंदूक झाडणं म्हणजे नशिबावर सोडणं, असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते पटतं.

एका सकाळी बर्फ भुरभुरत होतं. काकांनी चापाजवळची कळ कातड्यानं झाकून ठेवली होती. रंजक ओलावली तर सगळं फुकट. खालच्या हेमलॉकच्या झाडांमधून एक मादी बाहेर आली. पूर्ण आडवी उभी, मान वर, कान आमच्या दिशेला. काकांनी कातडं काढलं, घोडा चढवला, दस्ता गालाला लावला. मी श्वास धरून होते. ती उभीच. चांगली मिनिटभर उभी. मग काकांनी घोडा हलकेच उतरवला. मादी शेपटीचा पांढरा झेंडा उंचावून निघून गेली. “सत्तर होती,” ते म्हणाले. घरी शीतकपाट रिकामं होतं, हंगामाचे थोडेच दिवस उरले होते, आणि समोरची सत्तर पावलं त्यांनी पन्नास मानली नाहीत. मी त्या परिसरात जे जे पाहिलं त्यात हे मला सर्वात मोठं वाटतं.

पुढं एका संध्याकाळी बार झाला. आधी कळीपाशी फस्स, लगेच दणका, आणि पुढचं सगळं धुराआड. हरीण पडलं की पळालं, काही दिसेना. काकांनी जागेवरून न हलता आधी बंदूक पुन्हा भरली. धुराचा गंधकी वास आमच्याभोवती लोंबकळत राहिला, नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगणात असतो तो. अर्ध्या तासानं उठलो. रक्त तांबडंलाल, फेसाळ. फुफ्फुसाचं. साठेक पावलांवर एक तरणा नर मरून पडला होता. सोलताना पलीकडच्या कातड्याखाली गोळी सापडली, चपटी झालेली, पण एकसंध. वेगवान रायफलीची शिशाची गोळी मांसात पुष्कळदा कण होऊन पसरते आणि ते कण ताटात येतात. ही कमी वेगाची मऊ गोळी सहसा तशी फुटत नाही. मांसाचा अर्धा वाटा त्यांनी गरजूंच्या अन्नपेढीसाठी खाटकाकडे दिला. शिकाऱ्यांचं मांस तिथं पोचवण्याची व्यवस्था या राज्यात १९९१ पासून आहे. त्याच रात्री कोमट पाण्यानं नळी धुतली. काळ्या दारूची राख ओलावा ओढते आणि एका रात्रीत लोखंड गंजवायला लागते.

कायद्यात बंदुकीचा काळ आहे, नळीच्या भोकाचं माप आहे, ठिणगीची पद्धत आहे. अंतर नाही. ते लिहिता येण्याजोगं नसावं. म्हणूनच हा हंगाम राहावा असं मनापासून वाटत असतानाही मला त्याची धास्ती वाटते.

ती खरी ठरली हंगामाच्या अखेरीस. वाहनतळावर एक विशीतला मुलगा आला, चेहरा उतरलेला. संध्याकाळी मादीवर बार केला, रक्त काळपट, त्यात हिरवा चोथा. म्हणजे पोटात लागली होती. काकांनी त्याला रात्री मागं जाऊ दिलं नाही. पोटात लागलेलं हरीण लवकर हुसकावलं तर मैलभर जातं, एकटं सोडलं तर जवळच बसतं. उजाडल्यावर आम्ही तिघं निघालो. ओढ्याकाठी एका पडलेल्या झाडापाशी ती सापडली, गारठून ताठ झालेली. काकांनी मुलाला सोलायला लावलं, आतडी फुटल्यावर मांस कसं वाचवायचं, कुठला भाग टाकायचा ते दाखवलं. नंतर त्याला घेऊन बार झाला त्या जागी गेले आणि पहिल्या रक्तापर्यंत पावलं मोजायला सांगितली. मुलानं मोठ्यानं मोजली. एकशे चार निघाली. काका रागावले नाहीत. “उन्हाळ्यात ये,” म्हणाले, “चिंध्या कापायला बस माझ्याबरोबर.” मुलानं त्यांचा फोन नंबर लिहून घेतला आणि दोघांनी मिळून मादी गाडीकडे ओढायला घेतली.