जुना क्रोनोग्राफ: पारख तबकडीची

वेळ दाखवता दाखवता स्टॉपवॉचचेही काम करणारे मनगटी घड्याळ म्हणजे क्रोनोग्राफ. चावीच्या वर-खाली दोन बटणे आणि मोठ्या तबकडीत दोन-तीन छोट्या तबकड्या, ही त्याची नेहमीची ठेवण. वरचे बटण दाबले की मधला लांब काटा सुटतो, पुन्हा दाबले की थांबतो. खालचे दाबले की झटक्यात शून्यावर येतो. ही करामत बदामाच्या आकाराच्या एका चकतीची. आतली इवलीशी हातोडी तिच्यावर आदळली की चकती कुठेही असो, फिरून एकाच जागी बसते आणि तिच्यासोबत काटाही. अडॉल्फ निकोलने १८४४ मध्ये पेटंट घेतलेली ही युक्ती आजही चालते.

कडेला बहुधा टॅकीमीटरचे आकडे असतात. धुळे–सोलापूर महामार्गावर मांजरसुंब्याजवळ किलोमीटरच्या एका दगडाशी बटण दाबले आणि ४५ सेकंदांनी पुढच्या दगडाशी ते पुन्हा दाबले, तर काटा ८० वर थांबतो. तोच गाडीचा ताशी वेग.

संग्राहकांची झुंबड असते ती १९४० ते १९७० च्या दरम्यानच्या, चावी द्यावी लागणाऱ्या क्रोनोग्राफवर. व्हालजू ७२ किंवा ओमेगा ३२१ ही यंत्रे असलेली घड्याळे विशेष मानाची. १९६९ मध्ये आपोआप चावी भरणारे क्रोनोग्राफ आले आणि त्यांच्या पाठोपाठ क्वार्ट्झने बाजारच फिरवला. अभिनेता पॉल न्यूमन याचा रोलेक्स डेटोना २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरला गेला. अर्थात ती किंमत घड्याळाइतकीच मनगटाचीही होती.

महाराष्ट्रात या छंदाचे ठाणे मुंबई. फावर-लुबा, वेस्ट एंड या स्विस नावांचा इथला व्यापार एकोणिसाव्या शतकापासूनचा. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि परदेशी घड्याळे चोरवाटेने येऊ लागली. १९६१ पासून एचएमटी घरोघरी पोचले, पण ते साध्या तीन काट्यांचे. त्यामुळे आपल्याकडे जुना क्रोनोग्राफ मुळातच कमी.

त्यात रंगकामाची भर. खराब झालेली तबकडी नव्याने रंगवून छापण्याचा धंदा मुंबईत इतका फोफावला की असल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. भिंग लावले की लबाडी उघडी पडते. अस्सल छोट्या तबकडीत बहुधा बारीक वर्तुळाकार चरे असतात. नव्या रंगात ते बुजतात. टॅकीमीटरचे आकडे तिरके बसतात, अक्षरांच्या कडा फुगतात, तळाशी सहाजवळचे ‘स्विस मेड’ गायब होते किंवा जागा सोडते. बाहेरून चकचकीत घड्याळ बघून भुलणारा इथेच फसतो. डाग पडलेली, पिवळटलेली पण मूळ तबकडी केव्हाही अधिक मोलाची.

घरात आजोबांचा क्रोनोग्राफ सापडलाच, तर तो पॉलिश करू नये, तबकडी रंगवू नये आणि आकड्यांवरचा चमकणारा लेप खरवडू नये. जुन्या लेपात किरणोत्सारी रेडियम असू शकते. बटणे दाबून पाहण्याआधी जाणत्या घड्याळजीकडून यंत्र साफ करून तेल घालून घ्यावे आणि बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागून घ्यावा.