हजेरी उठली, पण जामीन कोण राहणार?

कळंब्याच्या मध्यवर्ती कारागृहातून शिक्षा पुरी करून एखादा माणूस बाहेर पडतो, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने त्याचे प्रकरण मिटलेले असते. न्यायालयाने जे माप घातले ते त्याने भरून दिलेले असते. समाजाच्या खतावणीत मात्र त्याचे खाते बंद होत नाही. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत तो काम मागावयास गेला, तर चारित्र्य पडताळणीचा दाखला पुढे येतो. खोली भाड्याने घ्यावयाची, तर मालक ओळखीचा माणूस आणावयास सांगतो. गावी परतावे, तर मधल्या काळात वाट्याच्या जमिनीचे काय झाले याचा उलगडा भाऊबंद करीत नाहीत. ज्या वस्तीतून तो आत गेला तीच वस्ती त्याला अखेर पोटात घेते. आणि शहरात कोठेही घरफोडी झाली की पोलिसांची गाडी पहिल्याने त्याच वस्तीत शिरते.

या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे दयेच्या किंवा धाकाच्या भाषेत होते. सभासंमेलनांत दयेची, चावडीवर धाकाची. वस्तुतः हा प्रश्न बऱ्याच अंशी रोजगाराचा आणि पतीचा आहे, आणि तो तसा ओळखून सोडविण्याचा प्रयत्न याच कोल्हापुरात शंभर वर्षांपूर्वी झालेला आहे. राजर्षी शाहू छत्रपतींच्या कार्यातील आरक्षण, सक्तीचे प्राथमिक शिक्षण, वसतिगृहे, राधानगरीचे धरण यांची उजळणी दरवर्षी 26 जूनला होते. हजेरीविषयीचा त्यांचा निर्णय मात्र त्या मानाने उपेक्षितच राहिला.

हजेरी म्हणजे काय, हे आजच्या विद्यार्थ्याला सांगावे लागेल. काही जाती जन्मतःच गुन्हेगार आहेत असे गृहीत धरून त्यांतील माणसांनी ठरल्या वेळी चावडीवर उभे राहून आपण गावातच असल्याचे दाखवून द्यावयाचे, अशी ती चाल होती. ब्रिटिश सरकारने 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा करून या समजुतीला कायद्याचे बळ दिले आणि 1911 च्या सुधारित कायद्याने त्याची व्याप्ती वाढविली. कोल्हापूर संस्थानात केवळ जातीवरून हजेरी लावण्याची ही पद्धत शाहू महाराजांनी 1918 साली मोडीत काढली.

हजेरीतील अपमानाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, व ते योग्यच आहे. तिची आर्थिक बाजू मात्र सहसा कोणी पाहत नाही. ज्याला दररोज चावडीवर उभे राहावयाचे आहे, तो चार गावांपलीकडे सुगीच्या कामास जाऊ शकत नाही. तो बाजाराच्या गावी मुक्काम करू शकत नाही. गावातील सावकार किंवा जमीनदार जी मजुरी देईल, ती त्याला मुकाट्याने घ्यावी लागते, कारण दुसरीकडे जाण्याची वाट सरकारनेच बंद केलेली असते. फासेपारध्यासारख्या ज्या जमातींचे पोटच भटकंतीवर, त्यांना तर हजेरी म्हणजे उपासमारीची आज्ञा होती. उपासमारीतून चोरी घडावी, चोरीवरून हजेरीचे समर्थन व्हावे, असे ते रहाट होते.

शाहू महाराजांनी हे रहाट दोन्ही टोकांनी थांबविले. फासेपारध्यांना त्यांनी कोल्हापूरजवळ सोनतळी येथे आसरा दिला आणि पहाऱ्याची कामे दिली. ज्यांच्यापासून इतरांनी आपली चीजवस्त जपावयाची, त्यांच्याच हाती राखण सोपविली! दरबारातील कित्येकांना हे राजाचे लहरी धाडस वाटले असल्यास नवल नाही. परंतु त्यात व्यवहार होता. नोकरीमुळे मिळकत आली, आणि राजाने स्वतः विश्वास टाकल्यामुळे तिऱ्हाइताला संशय घेण्याचे कारण उरले नाही. राजा त्यांचा जणू जामीन राहिला.

याच सुमारास शेजारच्या ब्रिटिश मुलखात काय चालले होते, हे ताडून पाहण्याजोगे आहे. सोलापुरात तारेच्या कुंपणाची 'सेटलमेंट' होती. तेथील माणसांना गिरण्यांत काम मिळे. म्हणजे रोजगार नव्हता असे नाही. परंतु कामावरून सुटल्यावर पुन्हा कुंपण आणि पुन्हा हजेरी. मजूर मिळाल्याने गिरण्यांची सोय झाली. त्या माणसांच्या कपाळावरचा शिक्का मात्र पुसला गेला नाही. काम द्यावयाचे आणि अविश्वास कायम ठेवावयाचा, ही सोलापूरची रीत. अविश्वास काढून घ्यावयाचा आणि त्याचबरोबर कामही द्यावयाचे, ही सोनतळीची. आज पुनर्वसन म्हणून जे काही चालते, ते या दोहोंपैकी कोणत्या वळणाचे आहे, हे प्रत्येकाने तपासून पाहावे.

माणदेशातील प्रयोग

जन्मजात गुन्हेगार म्हणून हिणविलेल्यांची गोष्ट वेगळी आणि न्यायालयात गुन्हा शाबीत झालेल्याची वेगळी, असा आक्षेप येथे येईल. तो खोटा नाही. त्यासाठी कोल्हापुराहून फार दूर जावयास नको. सांगली जिल्ह्यात, माणदेशाच्या दुष्काळी पट्ट्यात, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर म्हणून एक वसाहत आहे. हा भाग पूर्वी औंध संस्थानात होता. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1939 साली प्रजेला स्वराज्याची घटना दिली. तिच्या घडणीत गांधीजींचा सल्ला होता आणि मॉरिस फ्रीडमन या पोलंडमध्ये जन्मलेल्या इंजिनिअरचा मोठा हात होता. याच फ्रीडमन यांच्या प्रेरणेने शिक्षा झालेल्या बंद्यांची ही भिंतीवाचूनची वसाहत उभी राहिली. कैद्याने बायकामुलांसह येथे राहावयाचे, शेती करावयाची, पिकवावयाचे. संस्थान विलीन झाले, राज्ये बदलली, पण वसाहत टिकली आणि ती राज्याच्या कारागृह खात्याकडे आली.

या प्रयोगाची कीर्ती जगभर नेली ती कोल्हापूरच्याच व्ही. शांताराम यांनी. त्यांचा 'दो आँखें बारह हाथ' 1957 साली आला. कथा माणदेशचेच सुपुत्र ग. दि. माडगूळकर यांची होती. बर्लिनच्या महोत्सवात 1958 साली त्याचा गौरव झाला. चित्रपट थोर आहे यात वाद नाही. परंतु त्याने लोकांच्या मनावर ठसविलेली समजूत अर्धीच खरी आहे. जेलरच्या दोन डोळ्यांच्या धाकाने व मायेने सहा खुनी माणसे सुधारतात, असे त्याचे सार लोकांनी काढले. प्रत्यक्ष स्वतंत्रपुरात माणसाला बांधून ठेवणारे डोळे जेलरचे नव्हते. बायको शेजारी होती, मुले अंगणात होती, पेरलेले उगवत होते. असे घर सोडून पळणार कोण आणि कशासाठी? त्याच चित्रपटातील एक प्रसंग मात्र कोणाही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा. कैदी आपली भाजी बाजारात रास्त भावाने विकू लागतात, तेव्हा त्यांच्यावर उलटतात ते भाव पाडल्यामुळे चिडलेले व्यापारी! सुधारलेल्या माणसाची परीक्षा तुरुंगापेक्षा बाजारात अधिक कडक होते, हे त्यात दिसते.

खुल्या वसाहतीचा हा विचार पुढे इतरत्रही रुजला. उत्तर प्रदेशात 1952 साली धरणाच्या कामावर कैद्यांची खुली छावणी निघाली. राजस्थानात सांगानेरला 1963 पासून कैदी कुटुंबासह राहून बाहेर रोजगारास जातात. महाराष्ट्रातही खुली कारागृहे आहेत. तथापि देशातील एकूण बंद्यांच्या मानाने तेथे राहणाऱ्यांची संख्या नगण्यच म्हणावी लागेल. प्रयोग यशस्वी ठरावा आणि प्रयोगच राहावा, हे आपल्याकडील पुष्कळशा चांगल्या गोष्टींचे प्राक्तन आहे.

कायदा गेला, वहिवाट राहिली

गुन्हेगार जमातींचा कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी देशभर रद्द झाला आणि त्या जमाती 'विमुक्त' झाल्या. पण पाठोपाठ राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले आणि जुनी नजर नव्या नावाने चालू राहिली. कोल्हापूरच्या सीमेपलीकडील यमनापूरचे डॉ. भीमराव गस्ती यांनी बेरड समाजाच्या वाट्याला आलेला पोलिसी जाच वेशीवर टांगला. 1980 च्या दशकात आलेले त्यांचे 'बेरड' हे आत्मकथन आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (1987) वाचल्यावर या विषयावर अज्ञानाची सबब सुशिक्षितांना उरत नाही. रेणके आयोगाचा अहवाल 2008 साली आणि इदाते आयोगाचा 2018 साली आला. तुरुंगांच्या नियमपुस्तकांतून जातीवरून कामे वाटण्याची आणि विमुक्तांना सराईत समजण्याची कलमे मात्र तशीच राहिली. ती घटनाबाह्य ठरविण्यास सर्वोच्च न्यायालयाचा 3 ऑक्टोबर 2024 चा निकाल यावा लागला.

आज तुरुंगात असलेल्यांकडे पाहिले तर गरिबीचा संबंध आणखी उघड होतो. 31 डिसेंबर 2022 रोजी देशातील तुरुंगांत 5,73,220 बंदी होते. त्यांपैकी 4,34,302 जण, म्हणजे शंभरातील पंचाहत्तरांहून अधिक, न्यायाधीन होते. त्यांचा गुन्हा अद्याप शाबीत झालेला नव्हता. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून आत राहणारे त्यांत असतात. जामीनदाराजवळ सातबारा हवा किंवा ऐपतीचा दाखला हवा. ज्याच्या वस्तीत कोणाच्याच नावावर जमीन नाही, त्याने तो कोठून आणावा? अशा गरीब बंद्यांसाठी केंद्र सरकारने 2023 साली साहाय्याची योजना काढली. जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत आणि दंडासाठी 25,000 रुपयांपर्यंत मदतीची सोय तीत त्या वेळी ठेवण्यात आली होती. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प 1990 पासून अशा बंद्यांना कायद्याची मदत, कुटुंबाशी संपर्क आणि सुटकेनंतर काम मिळवून देण्याचा उद्योग करीत आला आहे.

महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने 1 मे 2022 पासून येरवड्यात आरंभलेली 'जिव्हाळा' योजना यापेक्षाही विचारप्रवर्तक आहे. दीर्घ शिक्षा भोगणाऱ्या बंद्याला जामीनदारावाचून 50,000 रुपयांपर्यंत कर्ज, व्याज 7 टक्के, आणि फेड तुरुंगातील मजुरीतून. मुलीचे लग्न, मुलाची फी, वकिलाची रक्कम यांसाठी घरच्यांना खाजगी सावकाराचे दार ठोठवावे लागू नये, हा तिचा हेतू. कैद्यालाही पत असू शकते, हे एका शिखर बँकेने मान्य केले, ही लहान गोष्ट नव्हे. पण तिची मर्यादाही तिच्या रचनेतच आहे. कर्जाला तारण आहे ते तुरुंगातील मजुरीचे. माणूस सुटला की ही मजुरी बंद होते, म्हणजे तारण संपते. ज्या दिवशी भांडवलाची खरी निकड, नेमक्या त्याच दिवशी त्याची पत शून्यावर येते.

येथेच कोल्हापूर जिल्ह्याला काही करता येण्यासारखे आहे. पतसंस्था, सेवा सोसायट्या, दूध संस्था, साखर कारखाने यांचे असे दाट जाळे फार थोड्या जिल्ह्यांत असेल. सहकाराचे मूळ तत्त्वच असे की, ज्याच्यापाशी एकट्याची पत नाही त्याला समूहाने पत द्यावी. शासकीय कामांचा काही हिस्सा मजूर सहकारी संस्थांसाठी राखून ठेवण्याची पद्धतही महाराष्ट्रात जुनी आहे. (यांतील कित्येक संस्थांत मजूर कागदावर आणि कंत्राटदार पडद्याआड असतो, हे उघड गुपित आहे, पण तो दोष देखरेखीचा, कल्पनेचा नव्हे.) सुटून आलेले आणि त्याच वस्त्यांतील बेकार यांची मिळून एखादी मजूर संस्था उभी करावी, महापालिकेने व जिल्हा परिषदेने तिला रस्ते, गटारे, बागा यांची कामे द्यावीत, आणि कारखानदाराला हवी असलेली हमी माणसाऐवजी संस्थेने द्यावी, यात अशक्य काय आहे? मालक नोकरी नाकारतो तो बहुधा द्वेषापोटी नव्हे. दहांतला कोणता एक दगा देईल हे त्याला ओळखता येत नाही, म्हणून तो दहाही टाळतो. त्या एकाच्या नुकसानीचा भार संस्थेने उचलला, तर उरलेल्या नवांची वाट मोकळी होते.

यावर सर्वांत टोकदार आक्षेप पांढरपेशांचा नसून गरिबाचाच असेल. कधी कोणाची काडी न उचललेला माझा मुलगा बेकार बसला असताना तुरुंगातून आलेल्याला आधी काम का, असे तो विचारील. प्रश्न रास्त आहे आणि तो उपदेशाने सुटणार नाही. म्हणूनच ही सोय केवळ सुटलेल्यांची असू नये, वस्तीची असावी. एकाच संस्थेत दोघे सभासद असले, तर एकाच्या हिश्शातून दुसऱ्याला दिल्याचा भाव राहत नाही. आणि ज्याचे घर लुटले गेले किंवा ज्याचा माणूस गेला, त्याचे दुःख या हिशेबात बसत नाही, हेही मान्य केले पाहिजे. त्याच्यासाठी नुकसानभरपाईची तरतूद कायद्यात आहे. ती त्याच्या हाती पडावी म्हणून झटणे हे याच कामाचे दुसरे अंग आहे.

असे काही उभे राहावयाचे, तर आरंभ पोलीस खात्यापासूनच करावा लागेल. शिक्षा पुरी करून कामाला लागलेल्या आणि काही वर्षे स्वच्छ राहिलेल्या माणसाला चारित्र्याचा दाखला देताना जुन्या प्रकरणाच्या नोंदीपुढे त्याची आजची वागणूकही लिहावी. आणि वस्तीत चौकशीस जावयाचे ते नाव असलेल्या माणसाकडे जावे, सरसकट साऱ्या वस्तीला रात्री चौकीवर आणू नये. 1918 साली कोल्हापूर संस्थानाने जातीवरची हजेरी उठविली ती एका हुकुमाने. आजच्या या अलिखित हजेरीसाठी तर नव्या कायद्याचीही जरूर नाही; जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखाचे एक परिपत्रक पुरेसे आहे.